तानूआयेचा वाटा

बसा रे, बसा. आणि तू, जाळ्यावरून पाय काढ आधी. जाळ्याला पाय लावणाऱ्याला मी गोष्ट सांगत नाही, तुझ्या आजीलाही सांगितली नव्हती.

तुमच्या आज्याचा आजा या वाळूत उघडा-नागडा लोळायचा ना, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा आपल्या उंडीवेळ्याला ना धक्का होता ना शाळा. माडांखाली थोडी घरं, समोर समुद्र, आणि किनाऱ्याला ते उंडीचं झाड. तेच, अजून उभं आहे ते. त्या झाडाखाली तानूआये बसायची. ती दिसायला कशी होती ते कोणी सांगत नाही. तिचे हात कसे होते ते मात्र सगळे सांगतात. लांब बोटांचे, काळे, आणि उजवा-डावा दोन्ही सारखेच चालणारे.

तिचं काम काय, तर वाटे करायचं.

रापण कशी ओढतात ते तुम्ही बघितलंय. होडी आत जाते, जाळं अर्ध्या गोलात सोडून परत येते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. दोरीला ज्याचा हात, त्याला वाटा, होडीवर जाणाऱ्यालाही. मग तो म्हातारा असो की कालच मिसरूड फुटलेला असो, वाटा सारखा. बायकांनी मात्र दोरीला हात लावायचा नाही अशी तेव्हाची रीत होती. का म्हणून विचारू नका, मलाही ती कधी पटली नाही.

मासळी वाळूवर ओतली की तानूआये पुढे यायची. जितके हात तितके ढीग. एकेक मासा एकेका ढिगाला, मग परत पहिल्यापासून. ढीग झाले की एका पोराला पाठ फिरवून उभं करायची. मग एका ढिगावर हात ठेवून विचारायची, "ह्यो वाटो कोणाचो?" पोर पाठमोरंच एक नाव घ्यायचं. ढीग त्याचा. मग पुढचा ढीग, पुढचं नाव. कोणाला कुठला ढीग जाणार ते ढीग करणाऱ्याला माहीत नाही, नाव घेणाऱ्याला दिसत नाही. मग भांडायचं कोणाशी? असं म्हणतात, तानूआयेच्या ढिगांना घारसुद्धा झडप घालत नसे. बाजूला बसून वाट बघायची, बिचारी.

वाटे करणाऱ्याला स्वतःचा वाटा नसायचा. ही पण रीतच. ज्याचा हात ढिगात, त्याचा ढीग त्यात नको, म्हणून. तानूआयेचा नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा, केसू. त्याचं लग्न व्हायचं होतं. तो होडीवर जायचा, आणि त्याच्या वाट्यावर मायलेक जेवायची.

आणि उरलेलं? शेवटच्या फेऱ्याला मासे पुरले नाहीत तर तो अख्खा फेरा मागे घ्यायचा आणि उंडीखालच्या पाटीत, म्हणजे टोपलीत, टाकायचा. ज्या घरातलं दोरीला कोणी नाही, त्या घराने ती पाटी न्यायची. पाटी नेताना तिच्यात कोणी डोकवायचं नाही. माणसाला लाज वाटू नये म्हणून एवढं सगळं.

आता हे तिने पोरांना शिकवलं, आणि गोष्ट त्याचीच आहे.

सकाळी ओहोटीला ती वाडीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना ओल्या वाळूवर बसवायची. मधे शिंपल्यांची रास. पोरं काय करणार? झडप! ज्याची मूठ मोठी त्याचे शिंपले जास्त. मग हातावर फटका. "मूठ नाय, बोटांनी. एकेक सगळ्यांका, मगे परत एकेक. फेरो पुरो झालो नाय तर फेरो मागे घेवचो." ज्याला पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं, असं पोरही तिच्या हाताखाली ढीगभर शिंपल्यांचे सारखे वाटे करायचं. मोजायची गरजच नाही म्हणायची ती, फेरा चुकवू नका म्हणजे झालं.

पण पहिल्या शिंपल्याला हात लावायच्या आधी एक गोष्ट विचारायची, ती चुकली की अख्खा खेळ मोडून परत सुरू करायला लावायची. विचारायची, "कोण येवक नाय?"

म्हणजे कोण आलेलं नाही? मग पोरं एकमेकांकडे बघायची. गोपीला ताप आलाय. धाकटा बाबल आजोळी गेलाय. त्यांचे पण ढीग मांडायचे. जो समोर बसलाय तो स्वतःचं बघून घेईल, आधी नसलेल्याचं बघा, असं तिचं म्हणणं. यात सगळ्यात हुशार कोण होतं माहीत आहे? मथू. रापणीचा मुख्य जो गुणाजी तांडेल, त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी. नाक वाहतंय, परकर गुडघ्यापर्यंत खोचलाय, पण फेरा कधी चुकायची नाही. सारखे वाटे होऊन काही उरलं नाही की दोन्ही हात वर करून ओरडायची, "आये, सुटला!" आणि सगळी पोरं टाळ्या वाजवायची.

मग ते वर्ष आलं.

दर्या शांत होता म्हणून एक होडी गेली. चार जण होते, त्यात केसू. दुपारी वारा फिरला, आणि असा फिरला की माड जमिनीला टेकले. होडीची एक फळी तेवढी परत आली. माणसं नाही आली.

आपल्यात रीत काय आहे? पाण्यावर गेलेल्याचं अंग किनाऱ्याला लागत नाही तोवर तो गेला असं म्हणायचं नाही, आणि तोवर त्याचा वाटा चालू ठेवायचा. चौघांपैकी एकाचंही अंग आलं नाही. बाकीच्या तिघांच्या घरी लहान लहान पोरं होती, त्या वाट्यांवर ती जगणार होती. म्हणून तानूआयेने ढीग मांडले. दोरीवरच्या सोळा हातांचे सोळा, आणि पाण्यावरच्यांचे चार.

पण दर्यानेही हात आखडता घेतला. वादळाने खाडी गाळाने भरली, चिखलातले खुबे मेले, शिंपल्यांत खायला मास उरलं नाही, रापणीला बांगडा यायचा तो नावाला. घाटावरचे तांदूळवाले बदल्यात मासळी मागायचे, ती कुठून द्यायची? वाडीत पोरं रडायची थांबली. पोर भुकेने रडतं तोवर ठीक असतं रे, रडायचं थांबलं की भीती वाटते.

आणि मग माणसं बोलायला लागली.

एक दिवस गुणाजी तांडेल सगळ्यांसमोर म्हणाला, "आये, मेलेल्यांचे वाटे करून जित्यांका उपाशी मारतलंस काय?"

तानूआये म्हणाली, "मेले असा कोण सांगता? अंग लागला काय?"

"तुझो झील तेच्यात आसा म्हणून तू वाटे सोडणंस नाय," गुणाजी म्हणाला. "झिलाचो वाटो खातंस आणि पोरांका न्याय शिकवतंस!"

गुणाजी वाईट माणूस होता असं नाही. त्याच्याही घरात चूल विझलेली होती, आणि उपाशी माणसाच्या तोंडाला धरबंध राहत नाही. पण शब्द बाहेर पडला तो पडला. तानूआयेने हातातला बांगडा खाली ठेवला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणाली, "उद्यापासून वाटे पोरां करतली. पोरांका कोणाचा काय पडलेला नाय. मथू करतली."

गुणाजीला काय, बरंच वाटलं. आपलीच मुलगी.

दुसऱ्या दिवशी रापण ओढली. आले किती, तर साठाच्या आत-बाहेर बांगडे. सगळी वाडी गोल करून उभी. मथू पुढे आली, कमरेवर हात ठेवले आणि तानूआयेसारखीच विचारती झाली, "कोण येवक नाय?"

मग तिनेच चार नावं घेतली. शेवटचं नाव केसूकाकाचं. सोळा अधिक चार, वीस ढिगांच्या जागा तिने वाळूत बोटाने आखल्या. गुणाजीने तोंड उघडलं, पण स्वतःच्या मुलीवर ओरडायचं कसं? तीच तर न्यायाने करणार म्हणून आदल्या दिवशी मान डोलावली होती त्याने.

पहिला फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला सतराव्या ढिगापर्यंत पोचली आणि हातातले बांगडे संपले. शेवटच्या तीन ढिगांत दोन-दोनच.

मथूचा चेहरा उतरला. फेरा पुरा झाला नाही, म्हणजे अख्खा फेरा मागे घ्यायचा. सतरा ढिगांवरून सतरा बांगडे उचलायचे आणि पाटीत टाकायचे. माणसं पुढे सरकली. एकाने तर ढिगासमोर पायच रोवला. पोर ती, तानूआयेकडे बघायला लागली.

तेव्हा तानूआये उठली. शेवटच्या ढिगापाशी आली. त्यातले दोन बांगडे उचलले. एक एका कमी पडलेल्या ढिगावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. विसावी जागा रिकामी झाली, ती तिने पायाने पुसली.

"माझो केसू येवचो नाय," ती म्हणाली. "तेचो वाटो करू नको."

अंग लागलं नव्हतं. तरी आईच्या तोंडून ते निघालं. असं म्हणतात, त्या क्षणी लाटेचा आवाज बंद झाला होता.

एकोणीस ढीग, प्रत्येकात तीन. मागे घ्यायला काही नाही, भांडायला काही नाही. पोरांना काय कळणार? त्यांना दिसलं की बरोबर जमलं. मथूने हात वर केले, "आये, सुटला!" आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग मथू पाठ फिरवून उभी राहिली, तानूआये ढिगांवर हात ठेवत गेली. "ह्यो वाटो कोणाचो?" नाव. "ह्यो वाटो कोणाचो?" नाव. एकोणीस झाले. विचारायचं थांबलं. पण मथूच्या तोंडी एक नाव शिल्लक होतं, आणि सवयीने ती म्हणाली, "केसूकाकाचो."

तानूआये जवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तेचो वाटो नाय गो, चेडवा."

आता ऐका, आणि नीट ऐका, कारण इथे सगळ्या गावाने चूक केली.

त्या दिवसापासून एक नवल घडायला लागलं. मासळी थोडीच यायची, पण जी यायची ती एकोणीस ढिगांत बरोबर सुटायची. कधी दोन-दोन, कधी तीन-तीन, कधी एकेकच, पण सुटायची. फेरा मागे घ्यायची वेळच येईना. माणसं म्हणायला लागली, दर्यासुद्धा तानूआयेकडे वाटे शिकला बघा. भांडणं मिटली. गुणाजी सगळ्यांशी गोड बोलायला लागला. पोरं रोज टाळ्या वाजवायची.

आणि पाटी? तिघांच्या घरी पाण्यावरचे वाटे जायचेच. ज्या घराचा दोरीला हात नाही आणि वाटाही नाही, असं घर आता वाडीत एकच होतं. तानूआये रोज संध्याकाळी उंडीखालची पाटी उचलायची, वर उंडीची पानं झाकायची आणि कमरेवर घेऊन घरी जायची. पाटीत डोकवायचं नाही ही रीत, म्हणून कोणी डोकावलं नाही. पाटी गेली, म्हणजे तिच्यात काहीतरी असणार. तिच्या घरातून धूर निघायचा, म्हणजे काहीतरी शिजत असणार. अरे, पण रोज सुटतंय म्हणून तुम्हीच टाळ्या वाजवताय ना? मग पाटीत पडलं काय? हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? मला अजून राग येतो. इतक्या वर्षांनी सांगतानाही येतो.

ती का बोलली नाही म्हणून विचारता? झिलाचा वाटा खातेस, असं तिला चारचौघांत ऐकवलं होतं. त्यानंतर ती कोणाकडे हात पसरणार होती काय?

एकदा सकाळी मथूच्या आईने तिला तानूआयेकडे विस्तव आणायला पाठवलं. चुलीवर मडकं रटरटत होतं. मथू ती मथूच, आत डोकावली. मडक्यात पाणी होतं, आणि पाण्यात वाळूवरचे शिंपले खडखडत होते. ज्यांचे वाटे करायला पोरं शिकली, तेच.

"आये, ह्येंच्यात मास खय आसा?"

तानूआये हसली. असं म्हणतात, केसू गेल्यापासून ती तेवढीच एकदा हसली. "आवाज येता मगे," म्हणाली. "आवाज इलो की शेजाऱ्यांका बरा वाटता."

करवंटीत निखारा घेऊन मथू निघाली. चालता चालता पोर हिशेब करायला लागली. सुटला म्हणजे काय? म्हणजे सगळ्यांचे सारखे झाले. मग उरलं काय? काही नाही. उरलेलं जातं कुठे? पाटीत. पाटी कोणाची?

करवंटी तिथेच वाळूत पडली. निखारा विझला.

पोर किनाऱ्याकडे धावत सुटली. रापण नुकतीच वर आली होती, वाटे करायला माणसं तिचीच वाट बघत होती. तिने "कोण येवक नाय?" विचारलं, ढीग मांडले, आणि फेरे पुरे केले. त्या दिवशीही बरोबर सुटलं. पोरांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

मथूने हात वर केले नाहीत. ती पहिल्या ढिगाकडे परत गेली आणि त्यातला एक बांगडा उचलून पाटीत टाकला. मग दुसऱ्या ढिगातला. मग तिसऱ्यातला.

"गो मथू, फेरो पुरो झालोहा!" गुणाजी म्हणाला. "मागे कित्या घेतंस?"

"बाबानू, आयेच्या मडक्यात पाणीच आसा," ती रडत म्हणाली. "पाणी आणि शिंपले. आमी रोज सुटला सुटला म्हणतो, आणि आयेच्या पाटीत काय पडणाच नाय!"

मग ज्याने ढिगासमोर पाय रोवला होता ना, त्यानेच आपल्या पुढ्यातल्या ढिगातून आणखी एक बांगडा काढून पाटीत टाकला. पाटी भरली. गुणाजी तांडेलाने ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. आजवर तांडेलाच्या डोक्यावर कोणी पाटी बघितली नव्हती. तो पुढे धावतोय आणि सगळी वाडी मागे.

तानूआये अंगणात खांबाला टेकून बसली होती. समोर शिंपले मांडले होते, अजून ओले, मडक्यातले. सारखे ढीग, एकही कमी-जास्त नाही. मथूने बोट लावून मोजले. वीस होते. केसूची पुसलेली जागा तिने परत मांडली होती.

गुणाजीने पाटी तिच्यासमोर ठेवली. "आये," म्हणाला. परत म्हणाला.

मग मथू पाठ फिरवून उभी राहिली. दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तेव्हा गुणाजीने पाटीवर हात ठेवला आणि विचारलं, "ह्यो वाटो कोणाचो?"

"आयेचो," मथू म्हणाली.

पण घेणार कोण? ते लांब बोटांचे हात गार पडले होते.

असं म्हणतात, ती पाटी कित्येक दिवस त्या अंगणात होती. मांजर शिवलं नाही, कावळा शिवला नाही, बांगड्यांचे डोळेही मावळले नाहीत. मग मोठ्या भरतीला पाणी अंगणापर्यंत आलं आणि पाटी घेऊन गेलं. त्यानंतर दर्या पूर्वीसारखा द्यायला लागला. आता देऊन काय उपयोग, असं मथू म्हातारी होईपर्यंत म्हणायची.

तेव्हापासून आपल्याकडे रापणीचे वाटे पोरंच मांडतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही स्वतः मांडलेत. आधी "कोण येवक नाय?" विचारतात, आणि पहिलं नाव येतं, "तानूआये येवक नाय." दोरीला बायकांचे हात लागतात तेही तेव्हापासूनच. गुणाजीने दुसऱ्याच दिवशी केसूबरोबर गेलेल्या त्या तिघांच्या बायकांच्या हातात दोरी दिली.

आता शाळा झाली. मास्तर भागाकार शिकवतात, आणि आपली पोरं मोठ्याने म्हणतात, सतरा पाचांत वाटले, तीन-तीन आले, दोन तानूआयेचे. मागे एक नवे मास्तर आले होते, ते म्हणाले, असं नाही, बाकी म्हणायचं. पोरांनी मान डोलावली, आणि परत तेच म्हणाली. शेवटी मास्तरही तेच म्हणायला लागले.

आणि गणित बरोबर सुटलं, काही उरलं नाही, तर दुसऱ्या गावची पोरं खूश होतात. आपली होत नाहीत. आपल्या वर्गात तेव्हा कोणी टाळी वाजवत नाही. वाळूवर वाटे बरोबर सुटले, तर अजूनही फेरा मागे घेतात, एकेका ढिगातून एकेक मासा परत पाटीत टाकतात, आणि तुमच्यातलं कोणीतरी पाटी घेऊन घराघरात डोकावून येतं. चूल पेटली आहे का एवढं बघून भागत नाही. मडक्यावरचं झाकण काढून बघायचं.

चला, उठा आता. जाळं आलं वाटतं. आज मांडायची पाळी कोणाची?